रस्त्याकडेचं फूल आणि कुकचं उद्गारचिन्ह

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्या शिक्षकांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवायचे. त्यांचे विद्यार्थी समोर बसलेत, त्यांना सरांची पेपर तपासायची पद्धत सांगायला नको. उत्तराला एक गुण, पायऱ्यांना चार. गणिताच्या सरांच्या स्मरणार्थ वनस्पतिशास्त्राच्या बाईला कशाला बोलावलं असेल, असं निमंत्रण आलं तेव्हा मला वाटलं होतं. विषय नक्की करायला बसले आणि शंका फिटली. रस्त्याच्या कडेला दिसलेल्या अनोळखी रानफुलाची ओळख पटवायची तर हिशेब हाच लागतो. नाव हे शेवटच्या ओळीतलं उत्तर. ते शेजाऱ्याच्या पेपरातूनही उतरवता येतं. गुण पायऱ्यांचे.

उदाहरण एकच घेते आणि नीट सोडवते. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत पुण्याहून कोकणाकडे उतरणाऱ्या घाटरस्त्यांनी गेलात, तर कडेला कमरेएवढ्या, कुठे कुठे खांद्याएवढ्या झाडोऱ्यावर पिवळ्याकेशरी फुलांचे पट्टेच्या पट्टे दिसतात. लोक गाड्या थांबवतात, फोटो काढतात आणि बहुतेक जण ‘सोनकी फुलली’ म्हणून पुढे जातात. सोनकी याच दिवसांत फुलते, पिवळीच असते आणि रस्त्याकडेलाही येते, तेव्हा हा तर्क अगदीच वेडगळ नाही. तरीही ती सोनकी आहे का, हे बघू.

पहिली पायरी झाडाची नव्हे, जागेची. रस्त्याची कड ही मोठी फसवी जागा आहे. तिथली माती त्या गावची असेलच असं नाही. मुरूम कुठल्यातरी दुसऱ्या तालुक्यातल्या खाणीतून येतो, जेसीबी एका कामावरचा चिखल घेऊन दुसऱ्या कामावर जातो, ट्रकच्या टायरांच्या खाचांत बिया बसतात, गुरांच्या अंगाला चिकटून येतात, दुभाजकातल्या बागेतून पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येतात. त्यातच ठेकेदार दरवर्षी कड खरवडतो. जुनी मुळं उपटली जातात आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिल्यांदा येईल त्याचं राज्य. म्हणून रस्त्याकडेला तुम्हाला कुर्डू, टाकळा, तेरडा ही आपली जुनी मंडळी दिसतात आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून अमेरिका खंडातून आलेली घाणेरी, ओसाडी, रानमोडी. देवराईत अनोळखी झाड दिसलं तर मी आधी सह्याद्रीचं पुस्तक उघडेन. रस्त्याकडेला दिसलं तर मनात पहिला संशय परदेशी पाहुण्याचा ठेवते. संशय म्हणजे निकाल नव्हे. पण कुठून सुरुवात करायची ते त्याने ठरतं.

आता फूल. तुम्ही ज्याला एक फूल म्हणताय तो फुलांचा मेळावा आहे. मधल्या गोल बिंबात बारीक बारीक नळीसारखी कितीतरी फुलं दाटीने बसलेली असतात आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतःच एक वेगळं फूल असतं. याला स्तबक म्हणतात. स्तबक दिसलं की तुम्ही सूर्यफुलाच्या कुलात आलात. एका निरीक्षणात जगातल्या बाकीच्या सगळ्या वनस्पती बाद झाल्या, आनंद आहे. पण या एका कुलातच २० हजारांहून अधिक जाती आहेत, म्हणजे काम संपलं नाही, सुरू झालं.

इथे लोक फुलाकडे टक लावून बसतात. माझं म्हणणं, आता फूल सोडा आणि पानं बघा. पानं खोडावर कशी लागली आहेत? एकाआड एक, की समोरासमोर जोडीने? सोनकीची पानं एकाआड एक असतात, कडांना दाते असतात. आपल्या या झाडाची पानं समोरासमोर आहेत. संपला प्रश्न, ही सोनकी नाही. फुलाचा रंग, ऋतू, जागा, सगळं जुळत असताना पानांच्या मांडणीने एका झटक्यात निकाल दिला. आणि ही मांडणी वरून काढलेल्या फोटोत बहुधा दिसतच नाही.

मग कारळा असेल? कारळ्याची चटणी आपण खातो, पण शेत पाहिलेले लोक कमी होत चाललेत. नाशिक, अकोले, जव्हार या डोंगराळ भागात खुरासणी म्हणून लावतात. मूळ इथिओपियाची, पण आपल्याकडे चांगली रुळलेली. तिचीही पानं समोरासमोर, फुलं पिवळी, कडेला आठेक किरण-पुष्पकं. शेताच्या बांधावरून सांडलेलं बी रस्त्याकडेला सहज उगवतं. पण कारळ्याचं पान अखंड असतं, देठ जवळजवळ नाही, पानाचा तळ खोडाला बिलगलेला. आपल्या झाडाचं पान दोनतीनदा चिरलेलं, झेंडूच्या वळणाचं. कारळाही गेला. एकदांडीही याच कुलातली आणि समोरासमोर पानांचीच. काही ठिकाणी तिलाच दगडी पाला म्हणतात, खरचटलं की तिचा पाला चोळून लावतात. तिचं एकच फूल लांब केसाळ दांड्यावर असतं आणि कडेची पाच-सहा पुष्पकं पिवळट पांढरी. तिच्याशी गल्लत होण्याचं कारण नाही.

आता फूल उलटं करा. फुलाची पाठ बघायची सवय ज्याला लागली, तो अर्धा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, असं मी वर्गात सांगत असे. सूर्यफुलाच्या कुलात स्तबकाच्या पाठीशी हिरव्या छदांचं वर्तुळ असतं. आपल्या फुलात अशी दोन वर्तुळं दिसतात: बाहेर आठ अरुंद, हिरवी, टोकदार छदं आणि आत आठ रुंद, पातळ. आणि शेवटची पायरी फळ. त्याच झाडावर आठवडाभरापूर्वी सुकलेलं एखादं स्तबक शोधा. सोनकीच्या फळाला मऊ पांढऱ्या केसांचा झुबका असतो, फुंकर मारली की उडतो. कारळ्याचं फळ काळं, चकचकीत, त्याला केस नाहीत की काटे नाहीत. या झाडाचं फळ लांब, सडपातळ, पुढे चोचीसारखं निमुळतं होत गेलेलं आणि चोचीच्या टोकाला बहुधा दोन ताठ कुसं. भिंग लावून पाहिलंत तर कुसांवर उलट्या दिशेचे बारीक काटे दिसतात. तुमच्या पँटच्या पायाला जे चिकटून घरापर्यंत आलं, ते हेच.

समोरासमोर चिरलेली पानं, दुहेरी छदमंडल, चोचदार फळ, उलट्या काट्यांची कुसं. हा कॉसमॉस. पूर्ण नाव कॉसमॉस सल्फ्युरियस, मूळ घर मेक्सिको. माद्रिदच्या कावानियेस नावाच्या धर्मगुरू-वनस्पतितज्ज्ञाने १७९१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. आपल्याकडे तो बागेतलं फूल म्हणून आला, पाकिटातून बी विकलं गेलं आणि कुंपणाबाहेर पडला.

या ‘असं की तसं’ विचारत जाण्याच्या पद्धतीला किल्ली म्हणतात. दर पायरीला दोनच वाटा, एक निवडायची, दुसरी कायमची बंद. ती पुस्तकात पद्धतशीर वापरली लामार्कने, १७७८ च्या त्याच्या फ्रान्सच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात. हा तोच लामार्क, ज्याला आपण शाळेत जिराफाच्या मानेपायी नापास करून टाकलं. किल्लीबद्दल त्याला कुणी गुण देत नाही. त्याने ती लिहिली होती तज्ज्ञांसाठी नव्हे, तर हौशी माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी नावापर्यंत पोचता यावं म्हणून.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं करायचं कशाला? मोबाइलमधलं अॅप फोटो दाखवल्यावर दोन सेकंदांत सांगतं. सांगतं, आणि कॉसमॉसच्या बाबतीत बहुधा बरोबर सांगतं, कारण जगभरच्या बागांमधले त्याचे अगणित फोटो त्याने पाहिलेले असतात. अॅप मीही वापरते; कुलापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत नेऊन सोडायला ते छान आहे. पण त्याला कवला दाखवून बघा. पिवळं, दोन लाल ठिपक्यांचं, हल्ली मुलं ज्याला मिकीमाउस म्हणतात ते. स्मिथिया प्रजातीच्या कितीतरी जाती सह्याद्रीत आहेत. त्यातली एक आपल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची आहे, स्मिथिया आघारकरी. या जाती वेगळ्या करायच्या तर फुलाच्या पाठच्या संदलांवरच्या शिरा बघाव्या लागतात: समांतर जातात की जाळी करतात, आणि केस कुठे आहेत, कसे आहेत. समोरून काढलेल्या फोटोत ही माहिती नसतेच. मग अॅप ती आणणार कुठून? त्याच्या पुढ्यात पायऱ्याच ठेवल्या नाहीत, तर ते शेजाऱ्याच्या पेपरातलं उत्तर देणार. त्यात अॅपचा दोष नाही.

आता ज्या माणसाचं नाव या व्याख्यानाच्या शीर्षकात आहे त्याच्याकडे येते. थिओडोर कुक. आयर्लंडचा, पेशाने इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, बरीच वर्षं प्राचार्य. निवृत्त होऊन तो इंग्लंडला गेला आणि क्यू इथल्या उद्यानात बसून त्याने ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने तो १९५८ साली पुन्हा छापला, आणि एकविसाव्या शतकातही महाराष्ट्रात झाड ओळखायला बसलेला माणूस कधी ना कधी त्या पानांवर येतोच.

कुकचं पुस्तक उघडलंत तर प्रत्येक जातीखाली ती कुठे सापडली याची यादी असते: कोकण, दख्खन, मग गाव, मग गोळा करणाऱ्याचं नाव. आणि नावापुढे उद्गारचिन्ह. नवखा वाचक चक्रावतो. शास्त्रीय ग्रंथात इतकं आश्चर्य कशाचं? ते आश्चर्य नाही. वनस्पतिशास्त्रातला तो जुना संकेत आहे. अमक्याने गोळा केलेला हा नमुना मी, लेखकाने, स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. जिथे उद्गारचिन्ह नाही तिथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून लिहिलं आहे. शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला कुठे पाय टाकावा आणि कुठे चाचपून बघावं, हे एका छोट्या रेघेने आणि टिंबाने सांगून ठेवलं आहे. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. आपल्या सार्वजनिक लिखाणात असं चिन्ह सक्तीचं केलं तर निम्मी पानं त्याच्यावाचून कोरडी जातील, पण तो आजचा विषय नाही.

त्या उद्गारचिन्हांच्या मागे कुणाची नावं आहेत तेही बघा. स्टॉक्स, लॉ, वुड्रो हे साहेब आहेतच. पण त्यांच्याच रांगेत कानिटकर आहेत आणि भिवा आहे. भिवा, बस, एवढंच. पुढे आडनाव नाही. कुठल्याशा गडाच्या उतारावरून, घाटातून झाड उपटून, कागदात दाबून, वाळवून तो पुण्याला आणत होता, आणि ते झाड समुद्रापलीकडच्या टेबलावर भिंगाखाली येत होतं. ‘भिवा!’ असं छापलं गेलं की त्या जागी त्या झाडाच्या असण्याचा तो साक्षीदार झाला.

कॉलेज ऑफ सायन्सच्या वनस्पतिसंग्रहाचं काम पाहणारे एन. बी. रानडे यांच्या वाट्याला याहून थोडं जास्त आलं. कोल्हापूर-रत्नागिरी वाटेवरच्या आंबा घाटात त्यांनी एक झुडूप गोळा केलं, घंटेसारखी खाली झुकलेली केशरी फुलं आणि आत लालसर शिरा. वुड्रो आणि स्टाप्फ यांनी १८९४ साली ते नवीन जात म्हणून प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं अब्युटिलॉन रानडेई. मराठीत आपण त्याला सोनघंटा म्हणतो. आज ते अतिशय दुर्मीळ आहे. घाटवाटेवर दिसलेलं एक अनोळखी झाड एका मराठी माणसाने नीट उचललं म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही आपण ते शोधायला कुठे जायचं हे जाणतो.

साक्षीचा हा धागा कुकच्याही मागे जातो. डच गव्हर्नर व्हान रेडेने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ करवून घेतला, १६७८ ते १६९३. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला कोचीनच्या वैद्यांची साक्षपत्रं छापली आहेत. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य, आणि त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांचं साक्षपत्र कोकणी भाषेत, नागरी अक्षरात आहे, साल १६७५. आम्ही हे काम केलं, झाडं पाहिली, माहिती खरी आहे, असा त्याचा आशय. नागरी अक्षरं छापील कागदावर उमटल्याच्या अगदी जुन्या उदाहरणांपैकी हे एक आहे आणि ती उमटली झाडाच्या ओळखीवर सही करण्यासाठी. आपल्याकडे छपाईचा इतिहास सांगताना याचा उल्लेख होतो. कशासाठी छापलं हे मात्र बहुधा राहून जातं.

आता साक्षीला महत्त्व का, याचं पुण्यातलंच उदाहरण. १९५५ च्या सुमाराला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पश्चिम शाखा पुण्यात सुरू झाली. त्याच वेळी आर. एस. राव या वनस्पतितज्ज्ञांना शहरातल्या उकिरड्यांवर एक झाड दिसलं. गाजराच्या पानासारखी पानं, वर बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे. दिसायला इतकं सामान्य की शेकडो माणसं त्याच्या बाजूने रोज जात असतील. रावांनी ते उचललं, कुठल्याच पुस्तकाशी जुळेना, कुकच्या फ्लोरात ते नाही, म्हणून पायऱ्या करत शेवटपर्यंत गेले आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून छापलं. पार्थेनियम हिस्टेरोफोरस. तुम्ही त्याला गाजरगवत म्हणता, काँग्रेस गवत म्हणता, आणि आणखी जे म्हणता ते सभेत म्हणता येणार नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. उकिरड्यावरून ते माळावर, माळावरून शेतात आणि जवळपास सगळ्या देशात गेलं. सत्तरच्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहावर लिहिलं. १९८४ साली त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा मुद्दाम आणून सोडला गेला; त्याने पावसाळ्यात पानं खाल्ली, झाड संपवलं नाही. हे गवत पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हातून आलं, असं आपण सर्रास सांगतो. त्या योजनेखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे आणि झाड पुण्यात त्याआधीच नजरेत आलं होतं. अमेरिकेचा गहू १९५१ च्या अन्नटंचाईतही आला होता, तेव्हा गव्हावरचा आरोप मागे घ्यायची गरज नाही. पण करारावरचा आरोप तारखांपुढे टिकत नाही. हे आपण आज बोलू शकतो, कारण रावांनी जागा आणि वर्ष लिहून ठेवलं. त्यांनी फक्त ‘हे काय उगवलंय’ असं म्हणून पाय उचलला असता, तर आपल्या हातात नुसती दंतकथा राहिली असती.

आणि ओळख चुकली तर जीवही जातो. पिवळा धोत्रा तुम्ही पाहिला आहे. काटेरी, पांढरट शिरांची पानं, लिंबासारखी पिवळी, कागदी फुलं, रस्त्याकडेच्या कोरड्या जमिनीत हमखास. धोत्र्याशी त्याचं नातं नाही. तो अफूच्या कुलातला, मोडला की पिवळा चीक येतो. त्याचं बी मोहरीएवढं, काळं. मोहरीपेक्षा खरबरीत, जाळीदार. मोहरीत ते मिसळलं गेलं, चुकून वा मुद्दाम, आणि त्याचं तेल पोटात गेलं तर अंगावर सूज येते, हृदयावर ताण येतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातून अशी साथ आली आणि साठांहून अधिक माणसं दगावली. बी भिंगाखाली धरलं असतं तर फरक दिसला असता.

गावठी नावांवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही एक सांगते. शंखपुष्पी मागितलीत तर देशाच्या वेगवेगळ्या भागांत तुम्हाला किमान चार वेगळ्या वनस्पती मिळतील, त्यातली एक तर आपली गोकर्ण. चारही औषधी आहेत असं वैद्य म्हणतात. असतील, पण वैद्याने एक लिहून दिली आणि दुकानदाराने दुसरी बांधली तर बिल मात्र एकाच नावाने होतं. गावठी नावं टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती गोळा करा, कुठल्या गावात कोण म्हणतं ते लिहा, आणि शेजारी झाड ठेवा.

आता कामाचं बोलते. अनोळखी फूल दिसलं की फोटो काढाच, पण चार काढा: पूर्ण झाड, पान खोडाला कसं लागतं ते, फुलाची पाठ, आणि फळ असेल तर फळ. रस्ता, जवळचं गाव, किलोमीटरचा दगड आणि तारीख लिहा. पान चुरगाळून वास घ्या, देठ मोडून चीक येतो का बघा, मात्र गाजरगवताच्या रांगेत उभे राहून हे करू नका. खोड चौकोनी लागलं आणि पानांना वास असला तर तुळशीच्या कुलाचा विचार करा. दहापटीचं एक भिंग खिशात ठेवा. मोबाइलच्या कव्हरपेक्षा महाग नसतं.

नमुना घ्यायचा तर साध्या तणाचा घ्या. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये पसरवा, एखादं पान उलटं ठेवा म्हणजे दोन्ही बाजू दिसतील, वर वजन ठेवा, पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. फुलाचा रंग चिठ्ठीवर लिहा, कारण वाळल्यावर तो राहत नाही. पुढची माणसं तुमच्या शब्दावर चालणार. कासच्या पठारावर किंवा घाटमाथ्यावर कंदिलासारखं फूल लटकवणारी खर्चुडी दिसली, दवबिंदू, आमरी दिसल्या, तर हात मागे बांधा आणि फक्त फोटो काढा. खर्चुडीचा कंद गुराखी खात आले, ते एक वेळ समजू शकतं. फोटो चांगला यावा म्हणून तुडवणाऱ्यांना काही सबब नाही.

महाविद्यालयांच्या वनस्पती विभागांना माझी वेगळी विनंती आहे. तुमच्या कपाटांत जुने संग्रह आहेत. त्यांना कसर लागू देऊ नका आणि गावातल्या कुणीही वाळवलेलं झाड आणलं तर ते नोंदवून घ्या. शाळेतला मुलगा असो की रस्त्याचं काम करणारा मुकादम, चिठ्ठीवर त्याचं नाव लिहा. फादर सांतापाव यांनी १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला; खंडाळा म्हणजे त्या वेळीही मुंबई-पुण्याच्या मधला गजबजलेला थांबाच होता. आपल्या गावच्या चार दिशांचे चार रस्ते घेतले तरी एका पिढीचं काम आहे.

कॉसमॉसबद्दल शेवटचं. तो गाजरगवताच्या वाटेने जाईल असं भाकीत मी करणार नाही. पण मोकळ्या माळावर तो दाट वाढतो आणि खालच्या बुटक्या गवताला, कवल्यासारख्या छोट्या फुलांना जागा सोडत नाही, हे कुणालाही डोळ्यांनी बघता येतं. म्हणून पावसाळ्यात गाडीतून फुलांच्या बियांची पाकिटं उधळत जाण्याचा जो उत्साह आलाय, तो कृपा करून थांबवा. ‘रस्ता सुंदर करू’ म्हणणाऱ्या मंडळांनाही हे सांगा. पाकिटावर फुलाचा फोटो असतो; फळाचा नसतो, आणि चिकटून पुढे जातं ते फळ.

ज्यांना या मोसमात आपल्या रस्त्याची नोंद करायची आहे त्यांनी दिवाळीच्या आधीचा पंधरवडा धरावा. नंतर स्तबकं सुटून बी गळून जातं. त्याआधी फूल आणि पिकलेलं फळ दोन्ही एकाच फांदीवर मिळतात.